उन्हात ठेवलेली दुर्बीण

माझी नात उन्नती हिंगण्याच्या एका कारखान्यात बंदुकीवर बसणारी दुर्बीण जुळवते. त्या दुर्बिणीले तीन डोळे. एक दिवसा पाहणारा, एक अंगाची ऊब पाहणारा, एक अंतर मोजणारा. तिघांनी एकाच ठिपक्याकडे पाहावं, नाहीतर शिपाई नेम धरेल एकीकडे अन् गोळी जाईल दुसरीकडे. मले चौथी शिकलेलीले एवढं समजलं, फोरमन रुपरावले वीस वर्षांत समजलं नाही.

डोळा जुळला की बारक्या स्क्रूवर गोंद लावतात. तो वाळायले दोन दिवस लागतात. यंदाच्या मे महिन्यात रुपरावनं घाई केली, चाळीस दुर्बिणी एका दिवसात उचलायले लावल्या. एसीच्या खोलीत तपासल्या तर सगळ्या बरोबर निघाल्या. उन्नतीनं मात्र एक शेडबाहेर उन्हात ठेवली. नागपूरचं ऊन ते. तासाभरात गोंद मऊ झाला अन् ऊब पाहणाऱ्या डोळ्याचा ठिपका समोरच्या तपासणीच्या फळ्यावर वीतभर सरकला.

तिनं तपासणीच्या कागदावर सही करायले नकार दिला. रुपराव सगळ्यांसमोर म्हणाला, "लडाई काय तुह्या बापाच्या छतावर हाये का वं, उन्हात टाकून राहिली?"

"एसीत तरी हाये का?" उन्नतीनं विचारलं.

त्यानं तिले जुळवणीच्या टेबलावरून उठवून पॅकिंगमध्ये धाडलं अन् चाळीस सह्या स्वतःच ठोकल्या. कंपनीच्या बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसेना. घरी येऊन जेवली नाही. मी म्हटलं, राग रुपरावचा, भाजीवर काहून काढतं?

दुसऱ्या दिवशी माल न्यायले ट्रक लागला. आता डब्याले सील मारणाऱ्याचं नाव त्या सीलवर लागते, अन् पॅकिंगमध्ये ते नाव उन्नतीचं होतं, हे रुपराव विसरला. ती हातावर हात ठेवून बसली. तो ओरडला, घरी बसवीन म्हणाला, तिच्या आईचाही उद्धार केला. ती हलली नाही. ट्रक का थांबला म्हणून मॅनेजर माया मॅडम खाली आल्या.

"तुमच्या हातानं निवडून उन्हात ठेवा, मॅडम," उन्नती म्हणाली. "ठिपका नाही सरकला तर मी सील मारतो अन् कायमची घरी जातो."

मॅडमनं पाच निवडल्या. चारांचा ठिपका सरकला. चाळीसही परत टेबलावर गेल्या, उन्नतीही गेली.

रुपराव अजून फोरमनच आहे, अशांचं काही वाकडं होत नाही. तिले मोडकी खुर्ची देतो, सुटी अडवतो. पण जुळवलेल्या दुर्बिणी आता दोन दिवस कपाटात राहतात, अन् मॅडमनं दिलेली कपाटाची किल्ली उन्नतीच्या ओढणीले बांधलेली असते. त्यानं मागितली तर देत नाही.