निरवांगीच्या भंडाऱ्यातली कणीक

लोणी भापकरहून आमची गाडी निघाली तेव्हा तीत सहा बाया, एक मृदंग, टाळांचं गाठोडं आणि भाकऱ्यांची दुरडी होती. सगळ्यात चांगली जागा मृदंगाची. कडब्यावर वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी) अंथरून तिच्यात त्याला गुंडाळलं होतं आणि आम्ही कडेनं दाटीवाटीनं बसलो होतो. मार्गशीर्षातली पहाट. बैलांच्या नाकातून चुलीसारखा धूर निघत होता.

"माणसं गारठली तरी चालतील, ह्या लाकडाला तेवढं पांघरूण!" गऊबाई म्हणाली.

"तू गारठलीस तर शिंकशील. हा गारठला तर बोलायचाच न्हाय," मी म्हटलं.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. नेमकं साल आठवत नाही आणि आठवून उपयोगही नाही. गऊबाई आमच्या भजनातली पुढची गाणारी. मी मृदंग वाजवायची. माझे वडील देवळात वाजवायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून हात मला शिकवला. चौथीनंतर शाळा बंद झाली, पण हे शिक्षण चालू राहिलं. बाईमाणूस मृदंग वाजवतं याचं लोकांना नवल वाटायचं. मला कधी वाटलं नाही. रोज दळायचं, कांडायचं, त्यापुढे हे काय जड?

मृदंग मात्र आमचा नव्हता. तो पुरुषांच्या भजनाचा. मारुतीच्या देवळात खुंटीला टांगलेला असायचा आणि पुरुष रानात गेले की आम्ही तो दुपारी काढून घ्यायचो. निरवांगीला, म्हणजे पार इंदापूर तालुक्यात, गऊबाईची आत्या दिलेली होती. तिच्या गावच्या भंडाऱ्याला भजन करायचं आवतण तिनं आम्हाला धाडलं. पुरुषांना नाही, आम्हाला. ते पुरुषांच्या भजनाचे पुढारी अण्णा यांना लागलं. त्यांनी देवळापुढं सगळ्यांदेखत सांगितलं,

"जावा की. नीट भजन करून आलात तर मृदंग तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, आमी दुसरा बघू. पर गावाचं हसं करून आलात, तर पुन्यांदा त्या खुंटीला हात लावायचा न्हाय."

आणि हसं झालं की नाही हे कळायला हवं, म्हणून त्यांनी गाडीवान आपलाच दिला, तात्या. तात्या म्हातारे होते, त्यांना ऐकू चांगलं येत होतं आणि पोटात काही राहत नव्हतं. साक्षीदार म्हणून माणूस बरोबर निवडला होता.

मी आणखी एक गोष्ट बरोबर घेतली होती, ती म्हणजे जुन्या चोळीत बांधलेली गव्हाच्या पिठाची पुरचुंडी. मृदंगाच्या उजव्या तोंडाला काळी शाई कायमची असते. डाव्या तोंडाला, त्याला धुमा म्हणतात, दर वेळी वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापावी लागते. तिच्यावरच त्याचा खालचा घुमारा. कणीक नसेल तर धुमा रिकाम्या डब्यासारखा वाजतो. त्या काळी आमच्याकडे गहू सणासुदीलाच दळायचे, म्हणून पीठ मी घरूनच घेतलं आणि गाडीच्या दांडीला बांधलं.

पहिला दिवस बारामती गाठण्यात गेला. वाटेत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा खाल्ला. बारामतीत गऊबाईच्या भावाकडे उतरायचं होतं. भाजीच्या बाजारापाशी गाडी अडकली, तेव्हा एक मेथीवाली डोकावली. वाकळीत गुंडाळलेला मृदंग माझ्या मांडीवर होता.

"आगं बाई, थंडीचं एवढ्या लेकराला कुठं न्हेता?" ती म्हणाली. "किती म्हैन्याचं हाय?"

"लई जुनं हाय," मी म्हटलं.

"गुणाचं हाय. कसं गप हाय बघा."

"परवा रडल," मी सांगितलं.

तिनं दृष्ट लागू नये म्हणून बोटं मोडली आणि मेथीची एक जुडी वाकळीवर ठेवली. ती रात्री आम्ही भाजी करून खाल्ली. चांगली होती.

दुसऱ्या दिवशी बारामती मागं पडली आणि कालव्याच्या कडेनं ऊसच ऊस सुरू झाला. आमच्याकडे ज्वारीची ताटं वाऱ्यावर वाळत होती आणि इथं पाटाचं पाणी खळाळत होतं. एका गुऱ्हाळापाशी कढईवरची वाफ बघून सगळ्यांचीच तोंडं तिकडं वळली. गुऱ्हाळवाला उघड्या अंगानं चुलवणात पाचट (उसाचा वाळला पाला) सारत होता. आम्ही स्वेटर नाही म्हणून रडत होतो आणि त्याला घाम फुटला होता.

"भजनी बाया व्हय? मग एक होऊ द्या. गूळ काय, कढई हितंच हाय."

आम्ही टाळांवरच एक अभंग म्हटला. मृदंग काढला नाही. अभंग चालू असतानाच त्यानं उसाच्या चिपाडावर गरम गूळ दिला. गऊबाईनं इतका खाल्ला की तिचे दात चिकटले आणि अभंगाचा शेवट आम्हाला तिच्याशिवाय करावा लागला. तात्यांनी बैल सोडले होते आणि ते चुलवणापाशी पाय शेकत, त्या माणसाला अण्णांचा मोठेपणा सांगत होते.

परत येऊन बघते तर दांडीला नुसती गाठ. पुरचुंडी नाही. शेजारी चांद्या बैल डोळे मिटून चघळत उभा, आणि त्याच्या तोंडातून माझ्या जुन्या चोळीचं टोक लोंबत होतं.

"तात्या, तुमच्या बैलानं पीठ खाल्लं."

तात्यांनी बैलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "चांद्या तसला न्हाय," ते म्हणाले.

मी टोक धरून ओढलं. चांद्यानं सोडलं नाही. गऊबाईनं मला कमरेला धरून मागं खेचलं, तशी अर्धी चोळी हातात आली आणि आम्ही दोघी पाचटात पडलो. गुऱ्हाळवाला खाली बसून हसायला लागला. पिठाचा एक कणही उरला नव्हता.

"अण्णाला हे सांगायची काय गरज न्हाय," तात्या पुढं बराच वेळ गेल्यावर म्हणाले.

"त्यांनी इचारलं तर सांगीन," मी म्हटलं.

निरवांगीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आत्याबाईंनी दारातच पायांवर ऊन पाणी ओतलं आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) वाढलं. ते प्यायल्यावर बोटं पुन्हा आपली वाटायला लागली. मी लगेच गव्हाचं पीठ मागितलं.

"हाय, पर ते नैवेद्याचं," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या पुरणपोळीचा नैवेद्य हाय. देवाला दाखवल्याबिगर त्या पिठाला हात लावायचा न्हाय. ज्वारीचं घ्या की, कणगीभर हाय."

ज्वारीचं पीठ भाकरीला चांगलं. चामड्याला ते धरत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी गरम पाण्यात उकड काढून, चांगलं मळून सकाळी धुम्याला थापलं. दुसरं करणार काय? देवळापुढच्या पटांगणात दहिवर पडलेलं होतं. मृदंग मी शेकोटीपाशी धरून गरम केला, वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून सूर लावला. लोक घोंगड्या पांघरून बसले होते. पुढं गावचे पुढारी, मधे गड्यांचा घोळका, आणि कडेला आमचे तात्या, मान ताठ करून.

पहिला अभंग निम्म्यापर्यंत चांगला गेला. गऊबाईचा गळा गुळानं जरा जड झाला होता, पण तेही बरं वाटत होतं. मग मी जोरात थाप दिली आणि ज्वारीचा गोळा सुटला. तो नुसता पडला असता तर मी पायाखाली सारला असता. तो उडाला आणि पुढं बसलेल्या पुढाऱ्याच्या फेट्यावर जाऊन बसला.

टाळ थांबले. पुढाऱ्यानं हात वर नेला, चाचपलं, हातात आलेलं बघितलं आणि विचारलं, "हे काय, परसाद का?"

मग जे हसू फुटलं ते थांबेना. मागचे गडी घोंगडीत तोंड घालून हसत होते. "बाई भाकरी थापती का मृदंग वाजवती?" कुणीतरी ओरडलं. "कालवण पन येतंय का मागनं?" दुसरा म्हणाला. मी तात्यांकडं पाहिलं. तेही हसत होते. मी पाहिल्यावर खोकायला लागले.

गऊबाई माझ्या कानाशी आली. "गेला मृदंग," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, रडू नको, अजून चार अभंग राहिलेत.

मी उठून देवळामागं गेले. तिथं आत्याबाई ओलेत्यानं, म्हणजे आंघोळीचं ओलं लुगडं न बदलता, नैवेद्याचा स्वयंपाक करत होत्या. थंडीनं त्यांचे दात वाजत होते. शेजारी परातीत पुरणपोळीची कणीक, तेलात बुडालेली, लोण्यासारखी.

"मूठभर द्या," मी म्हटलं.

"नैवेद्य झाल्यावर घ्या."

"नैवेद्य कवा?"

"आरती झाल्यावर."

"आन् आरती?"

"भजन झाल्यावर!" असं म्हणून त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांनाच कळलं.

"मग बसू या समदी अशीच," मी म्हटलं.

पटांगणातून पुन्हा हसण्याचा लोंढा आला. आत्याबाईंनी कान दिला. "कुणाला हसत्यात?"

"आमाला. तुमच्या भाचीला."

"हसत्यात व्हय?" त्यांनी हात झटकला. "पाटेपासनं हितं मी कुडकुडत पोळ्या लाटायच्या आन् ह्यांनी बायांना हसायचं? आना तो मृदंग."

पण अडचण संपली नव्हती. मृदंग चामड्याचा. ओलेत्यानं चामड्याला शिवलं की पुन्हा आंघोळ, आणि त्या थंडीत ती कुणाला नको होती. म्हणून मी मृदंग मांडीवर उभा धरून खाली बसले आणि आत्याबाई दगडावर चढून वरून कणकेचा गोळा सोडू लागल्या. पहिला माझ्या कपाळावर पडला. दुसरा बरोबर धुम्यावर. तो पडल्याचा आवाज पटांगणापर्यंत गेला असावा, कारण तिकडं हसणं जरा थांबलं.

तेलाची कणीक. ती चामड्यावरून चाकासारखी फिरायला लागली. मग मला सुचलं. मी चुलीपाशी पडलेलं ज्वारीचं कोरडं पीठ धुम्यावर आणि कणकेत चोळलं, रगडून रगडून तेल मारलं आणि पुन्हा थापली. आता बसली.

आत्याबाई माझ्यामागून पटांगणाच्या तोंडापर्यंत आल्या, ओल्या लुगड्यात, हातात लाटणं. "आज पोळ्या मी वाढणार हाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "कोन कोन हसलं ते मला हितनं दिसतंय."

एवढी शांतता मी कुठल्या देवळात पुन्हा ऐकली नाही. मी थाप दिली. त्या मऊ कणकेनं घुमारा असा खाली गेला की म्हैस विहिरीत हंबरावी. मी स्वतः दचकले. पण गऊबाईनं आपला गुळात अडकलेला गळा त्या आवाजावर सोडला आणि दोन्ही एकमेकांना शोभले. राहिलेले चारही अभंग झाले. लोकांनी अजून दोन म्हणायला लावले. पुढारी मान डोलवत होते, फेट्याला पिठाचा ठिपका तसाच. पोळी सगळ्यांना मिळाली. तात्यांना अर्धी.

परतीच्या वाटेवर तात्या गोड बोलत होते. पुढच्या वर्षीचं आवतण आम्हाला मिळालं होतं. गऊबाई मृदंगाला तिच्या घरी कुठं टांगायचं ते ठरवत होती. गावात शिरलो तेव्हा अण्णा देवळापुढंच होते.

"काय तात्या, कसं झालं?"

"आवं, काय सांगू! मानसं रडली! घोंगडीनं डोळं पुसत होती!"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "रडली?"

"न्हाय," मी म्हटलं. "हसली. पयल्या अभंगाला लई हसली. कणीक उडून पुढाऱ्याच्या फेट्याला लागली. मग पुढं नीट झालं."

"हसली ना?" अण्णा म्हणाले. "मग ठरलं तसं." आणि मृदंग माझ्या मांडीवरून उचलून त्यांनी खुंटीला लावला. बैलानं पीठ खाल्लं हे त्यांनी विचारलं नाही. गऊबाई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. "तुज्या तोंडाला कुलूप घालाय पायजे," एवढं मात्र ती रोज दारावरून जाताना म्हणायची. ते बोलणंच झालं, पण ती मोजत नव्हती.

मग एकादशी आली. पुरुषांच्या मृदंग्यानं गव्हाची कणीक घेतली, धुम्याला थापली. ती सरकली. पुन्हा थापली, पुन्हा सरकली. पुरणपोळीचं तेल चामड्यात मुरलेलं होतं. कणीक बसली की नुसती घसरायची आणि मृदंग कण्हल्यासारखा करायचा. पुढच्या एकादशीलाही तेच. तिसऱ्या वेळी अण्णांनी तो खुंटीवरून काढला आणि तात्यांच्या हाती माझ्या घरी पाठवला.

"अण्णा म्हनत्यात, हा बिघाडला," तात्या ओसरीवर टेकत म्हणाले. "तुमालाच ठेवा. ते नवा आननार हायेत."

मी मृदंग घेतला. गऊबाई त्याच संध्याकाळी टाळ घेऊन आली, काही न घडल्यासारखी, आणि तेव्हापासून आमचं भजन माझ्या ओसरीवर होऊ लागलं. मी आयुष्यात फार फिरले नाही. लोक प्रवासातून काय काय शिकून येतात. मी निरवांगीहून एवढंच शिकून आले की, तेलकट चामड्याला आधी ज्वारीचं कोरडं पीठ चोळायचं, मग कणीक लावायची. अण्णांचा मृदंग त्यानं लगेच बोलला असता. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.