जैतू शेवटी जेवतो

जैतू विटभट्टीवर जन्मला आणि मिसरूड फुटायच्या आत देवाच्या मळ्यावर आला. पनवेलच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी भजनी माणसांनी मिळून तो मळा उभा केला होता. शेत सगळ्यांचं मिळून, चूल एक. जे काय असेल ते देवाचं. कुणाच्या तोंडून 'माझं' निघालं, तर त्या दिवशी त्यानं सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी एकट्यानं जेवायचं.

जैतू एकदाच चुकला. लग्नाच्या पंगतीत 'माझी कमळी कुठं बसली' असं विचारून बसला. नवरदेवाला भाताचं पातेलं उचलावं लागलं. कमळी जन्मभर टोचायची, "एकदा माझी म्हनलास, मंग पोटाला भ्यालास."

कमळी गेली तेव्हा कातकऱ्यांच्या रीतीनं तिला पुरलं, मळ्याच्या कोपऱ्यात, करंजाखाली.

पुढं पोरं तळोज्याच्या कारखान्यांत गेली. जैतूचा प्रदीपही रोडपालीला खोली घेऊन राहिला. नांगराला म्हातारे उरले, आणि ज्या ट्रस्टच्या नावावर मळा होता, त्या ट्रस्टनं तो विकायला काढला. ज्याचं जे असेल ते त्यानं बैठकीत सांगावं, तेवढं विक्रीतून सोडून देऊ, असं ठरलं. प्रदीपनं बापाला बजावून ठेवलं होतं, की कोपरा माझा एवढंच बोल, कुंपण घालून देतील. जैतूनं मान हलवली होती.

बैठकीला ट्रस्टचं काम बघणाऱ्या अरुंधतीताई भजनाच्या ओट्यावर बसल्या. गंगाबाई खाली बघत म्हणाली, म्हैस माझी. मागून कुणीतरी बोललं, "वाढ आता सगल्यांना." दोघंतिघं हसले.

"जैतूदादा, करंजाखालची जागा?"

"देवाची."

ताईंनी पुन्हा विचारलं.

"देवाचीच हाय, ताई."

म्हाताऱ्यानं मनाशी ठरवलेलं दिसतंय, असं त्यांना वाटलं. त्या पुढच्या माणसाकडं वळल्या. अजून एकदा विचारतील म्हणून जैतू बसून राहिला. ओटा रिकामा झाला तरी बसून होता.

मशीन आलं, करंज पडला. प्रदीप बापाला घेऊन गेला. रोडपालीच्या खोलीत खिडकीखाली त्याची गादी घातली.

एका रविवारी प्रदीपचा कारखान्यातला जोडीदार निकेश बायकोला घेऊन जेवायला आला. सून मनिषा पानं मांडून भाताचं पातेलं घेऊन आली. निकेशच्या बायकोनं सहज विचारलं, आजी गावाला असतात का?

"माझी कमळी मळ्यावर हाय," जैतू म्हणाला.

मग तो उठला. मनिषाच्या हातातलं पातेलं घेतलं आणि एकेकाच्या ताटात भात घालू लागला. बाबा, तुमी बसा, मी वाढते, असं ती म्हणत राहिली. प्रदीपनं तिला हातानं गप्प केलं.

सगळ्यांची जेवणं झाली, हात धुऊन झाले. तेव्हा जैतूनं आपलं ताट घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बसला. भात गार झाला होता.