शेपटीजवळची काटेरी ओळ

समुद्र मी पाहिलेलाच नव्हता, आणि पोरांना समुद्रातले मासे शिकवत होतो. जन्म अकोल्याचा, नोकरी अमरावतीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. आमच्या बाजारात मरळ, वाम, फार तर शिंगाळा. कॅरॅन्क्स आणि ट्रॅकिनोटस मला भेटले ते फॉर्मॅलीनच्या बरणीतच, रंग उडालेले, दोघेही चपटे अन् फिकट. फरक मी एकच सांगायचो. कॅरॅन्क्सच्या शेपटीजवळ, कडेच्या रेषेवर, टणक काटेरी खवल्यांची ओळ असते, दुसऱ्याला नसते. सांगून सांगून जीभ झिजली, पण पाहतो कोण! परीक्षेत लेबलावर चिठ्ठी चिकटवायची, घंटा झाली की पोरगं पुढच्या बरणीपाशी सरकणार. म्हणून पोरं बरण्याच पाठ करत. उंच बरणी कॅरॅन्क्स, बुटकी ट्रॅकिनोटस. खोटं कशाला बोलू, मीही तेच करत होतो.

साठ सालानंतरची गोष्ट. चांदूर रेल्वेहून एक मुलगी रोज गाडीनं यायची. त्यांच्या बौद्ध वस्तीतून सायन्सला आलेली ती पहिलीच. तिची माय एकदा कॉलेजात येऊन मला म्हणाली, "सर, एकडाव नापास झाली का इचा बाप इले घरीच बसवते. ध्यान ठेवजा."

त्या हिवाळ्यात बरण्यांतलं फॉर्मॅलीन आटलं. मी मासे बाहेर काढून बरण्या धुतल्या, नवं फॉर्मॅलीन भरलं आणि मासे परत टाकले. सकाळपासून उभा होतो, पाय बोलत होते. कोणता कुठं गेला ते पाहिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी त्या मुलीनं उंच बरणी उचलून खिडकीच्या उजेडात धरली, मग बुटकी धरली. "सर, मासोळ्या बदलल्या काय?"

दिवसातली तिसरी बॅच. माझं डोकं उठलं होतं. "बोलायचं नाही. लिही मुकाट्यानं," मी खेकसलो.

तिनं जे दिसलं ते लिहिलं. मी लेबलं पाहून तिची दोन्ही उत्तरं खोडली. बाकी साऱ्यांना मार्क मिळाले. ती प्रॅक्टिकलमध्ये त्या दोन उत्तरांपायीच नापास झाली.

पावसाळ्यात रत्नागिरीकडचे एक नवे प्राध्यापक आले. कपाटापुढं उभे राहून हसायला लागले. "अहो, ह्या बुटक्या बरणीत तर कोकर आहे! तुमचा कॅरॅन्क्स हाच. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल." त्यांनी बोट ठेवलं तिथं ती काटेरी ओळ स्पष्ट दिसत होती. मला त्या मुलीची खोडलेली दोन उत्तरं आठवली.

विभागप्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, "निकाल लागून गेला ना बाप्पा. तिले पास कराचं म्हनलं तर साऱ्या पोरायचे मार्क कापा लागतील. काहून उकरून राहिले?"

मी भांडलो नाही. भांडायलाही अंगात जीव लागतो, आणि मला लाजही वाटत होती. रविवारी पॅसेंजर धरून चांदूरला गेलो.

ती दारातच वही घेऊन बसली होती. माय रडली म्हणून बापानं ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. मला पाहून ती उठली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आता नाही चुकत सर. आता मासोळीकडे पाहतच नाही. सगळ्यायसारखं बरनी पाहूनच लिहीन."

ओट्यावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तुझं बरोबर होतं, चूक माझी होती.

तिनं वही मिटली. "मंग मी पास होती?"

"हो."

"माय वं," ती आत वळून ओरडली, "मी पास होती वं!"

माय पिठाच्या हातांनी बाहेर आली. इतका आनंद मी त्या नोकरीत कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. "मंग कागद आनला असन ना, सर?" ती म्हणाली. "इच्या बापाले दाखवा लागते."