रुमालाखालचा हात

ऑपरेशननंतरचे ते महिने आठवले की मला आजही आधी राग येतो आणि मग देवाचं नाव तोंडात येतं. क्रम उलटा असायला हवा, हे कळतं. पण मी बैलबाजारात दलाली करून पोट भरलेला माणूस आहे. बापानं मागे एक वासरूसुद्धा ठेवलं नव्हतं; जे उभं केलं ते या जिभेवर. तिथं मऊ बोलणारा टिकत नाही.

प्रोस्टेटची गाठ सरकारी योजनेतून काढली. गाठ साधी आहे म्हणाले, काही दिवसांनी नळी काढली, गोळ्या दिल्या आणि इंग्रजीत छापलेला एक कागद हातात ठेवला. पुढे काही दिवस लघवी धरता येणार नाही, हे तोंडानं कोणी बोललं नाही. घरी आलो तर खोकलो की धोतर ओलं, उठलो की ओलं, हसलो तर विचारूच नका. मोठ्या माणसांचे डायपर तालुक्याला मिळायचे, पण ते रोज घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. बायकोनं जुनी लुगडी फाडून घड्या शिवल्या. वर्ष दुष्काळाचं. टँकर यायचा तेव्हा विहिरीवर बायकांची झुंबड उडायची, आणि त्या पाण्यातून ती माझ्या घड्या धुवायची. भांडी विसळलेलं पाणी आधी, चांगलं पाणी शेवटी, तेही थोडंच. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. मीच प्रत्येक घडीकडे बघून मनात म्हणायचो, हा माणूस घरातलं पिण्याचं पाणी खातो आहे.

याहून मोठं दुखणं वेगळं होतं. आमच्या गावात मारुतीच्या देवळात दरवर्षी नामसप्ताह बसतो. सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याचा पहारा असेल त्यानं उभंच राहायचं. दुपारचा पहारा माझा. तरुणपणापासून माझाच. बाजारात लोक मला तोंडाळ म्हणत, पण वीणा गळ्यात असली की तेच लोक पाया पडायला वाकायचे. त्या वर्षी दत्तोबा घरी आला. गावची दूध सोसायटी त्याच्याकडे, सप्ताहाची व्यवस्थाही त्याच्याकडे. तो उंबऱ्याबाहेरूनच बोलला, "तात्या, औंदा तुमी आराम करा. दुपारच्याला दुसरा गडी लावलाय."

"कावून?" मी विचारलं.

"आराम करा म्हन्लं," एवढंच बोलून तो गेला. कारण त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

त्या दिवसापासून मी मारुतीशी सौदा सुरू केला. मला कोरडा कर, मी गाभाऱ्याला फरशी बसवतो. उत्तर नाही. बरं, फरशी आणि वर घंटा. उत्तर नाही. गिऱ्हाईक गप्प बसलं की दलाल वाढवत जातो, तसा मी वाढवत गेलो. मला पुन्हा वीणा घेऊन माणसांत उभं राहायचं होतं, एवढंच मागणं होतं. शेवटी चिडून मी देवळासमोरून जाणंच सोडलं.

उन्हाळ्यात सहकारी सोसायटीनं युसूफ वडगावच्या रस्त्याला चारा छावणी उघडली. माझी बैलजोडी घेऊन मी तिथंच मुक्काम ठोकला. बायको म्हणाली, "अवो, बैलं बांधून या की घरला. सगळे तसंच करत्यात." मी ऐकलं नाही. खरं कारण तिला सांगितलं नाही, पण तिनं ते ओळखलं असणार. इतक्या जनावरांच्या शेणामुतात एका म्हाताऱ्याचा वास कोणाला येणार होता? छावणीत मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. आणि तिथंच मी एक हुशारी केली. पाणी प्यायलोच नाही तर गळणार काय? धुवायला पाणी लागणार नाही, घरचा हंडाही वाचेल. सकाळी चहा, दुपारी भाकरीबरोबर घोटभर पाणी, बस्स. आधी आधी कमी गळायचं, तेव्हा मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं. मग लघवीला आग व्हायला लागली, रंग काळपट झाला आणि भर उन्हात हुडहुडी भरू लागली. तरीही मी ते कोणाला बोललो नाही.

अशात एका सकाळी एक म्हातारा टेम्पो घेऊन छावणीवर आला. टेम्पो स्वतःच चालवत होता. पांढरी टोपी, खांद्यावर रुमाल. पालीकडचा आहे म्हणाला, धरणाच्या अंगाचा. माझ्या जोडीभोवती फिरला, दात बघितले, शेपट्या ओढल्या. "देता का?" त्यानं विचारलं. विकायची नाही असं मी ठरवलं होतं, पण अंगात ताप होता, जीव कंटाळला होता. मी हात पुढे केला.

आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती उभ्या माणसांना काही कळत नाही. त्यानं रुमाल टाकला, माझी बोटं दाबली. आकडा कळताच माझं डोकं फिरलं. "बैल घेतोस का शेळी बे?"

तो हसला. पुन्हा बोटं दाबायला गेला आणि थांबला. बोटं सोडून त्यानं माझं मनगट धरलं.

"भाव ऱ्हाऊ द्या. हात तव्यावानी तापलाय तुमचा. पाणी कवा पेलात?"

"तुला काय करायचंय?"

त्याची नजर माझ्या धोतरावर गेली. मी हात ओढला, पण त्यानं सोडला नाही. रुमाल अजून आमच्या हातांवर होता. आवाज खाली आणून तो म्हणाला, "गाठीचं आप्रेशन?"

मी मान हलवली. इतक्या महिन्यांत मला हे विचारणारा तो पहिला माणूस.

"माझंबी झालंय. लई दिस असंच चाललं." त्यानं कासोट्याजवळचं धोतर चापटलं. आत जाडशी घडी होती. "अजूनबी घेतो, लांबच्या वाटंला. तुमची लुगड्याची हाय का? चादरीची घ्या. लुगडं लई लवकर भिजतंय." भर छावणीत दोन म्हातारे घड्यांच्या कापडाची चर्चा करत उभे होतो. मला हसू आलं, आणि हसताना जे व्हायचं ते झालं. तो म्हणाला, "होऊ द्या. चला."

टेम्पोत त्याचा पाण्याचा कॅन होता. त्यानं मला तांब्या भरभरून पाजलं आणि शेजारच्या माणसाला बैलांवर नजर ठेवायला सांगून दवाखान्यात नेलं. बसताना मी कचरलो, तर त्यानं तोच रुमाल सीटवर अंथरला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी तोडल्यामुळे जंतू वाढलेत, आणखी उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं. सलाईन लावलं. मग त्यांनी नीट समजावलं. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, चहा कमी करायचा, लघवीला लागायची वाट न बघता ठरावीक वेळानं जाऊन यायचं. पोटातला वारा अडवताना जी जागा आत ओढली जाते ती ओढून धरायची, सोडायची, रोज, न कंटाळता. बऱ्याच जणांना महिन्यांनी फरक पडतो, म्हणाल्या. "हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं नाही?"

"तेच तर मी कवाधरनं इचारतोय!" सलाईन लावलेला हात उचलून मी गुरगुरलो. कोपऱ्यात उभा म्हातारा पोट धरून हसला.

बायको येईपर्यंत तो थांबला होता. तिच्याशी दोन शब्द बोलून निघून गेला. नाव विचारायचं राहून गेलं. मी, जो माणसाचं गाव-भावकी काढल्याशिवाय सौद्याला बसत नाही, तो. पुढे पालीत विचारलं, बाजारात विचारलं, कोणाला सांगता आलं नाही. बायको म्हणते, मारुतीच आलता. मी म्हणतो, देव असता तर जोडीचा इतका पडेल भाव सांगितला नसता. तो व्यापारीच होता, आणि पक्का होता. पण त्याला त्याच सकाळी, त्याच दावणीला कोणी पाठवलं, हे मला सांगता येत नाही. मी फक्त हात जोडतो.

फरक हळूहळू पडला, पुरता पडला नाही. पहिल्या दवाखान्यावरचा राग अजून आहे. दोन वाक्यं बोलायला काय जात होतं? पुढच्या सप्ताहाच्या आधी मी दत्तोबाच्या दारात गेलो.

"नाव कावून काढलंतं माझं?"

त्यानं खाली बघितलं. "तुमची लाज ऱ्हावी म्हनून, तात्या."

"लाज माझी हाय, मी बगतो. तू पहारा दे."

तो म्हणाला, "दुपारचाच घ्या मग. दुसऱ्याला तुमच्यावानी उभं ऱ्हाताबी येईना."

धोतराच्या आत चादरीची नवी घडी घेऊन मी उभा राहिलो. गळ्यात वीणा आली, टाळ सुरू झाले. थोड्या वेळानं आत ओलं झाल्याचं कळलं. जुन्या सवयीनं मनात आलं, मारुतीराया, एवढा पहारा कोरडा जाऊ दे, मी तुला... आणि पुढचा शब्द मी उच्चारलाच नाही. ज्यानं बिनबोलाचं, बिनभावाचं सगळं देऊन टाकलं होतं, त्याच्यापुढे मी कसला आकडा धरत होतो? हे अंग त्याचंच, जसं आहे तसं. मी डोळे मिटून नाम घेत राहिलो. लोक येत होते, वाकत होते.

पुढच्या पहाऱ्याचा गडी यायला उशीर झाला. दत्तोबा खुणेनं विचारत होता, थकलात का? मी नाही म्हणून मान हलवली. मला काही घाई नव्हती.