कवडशातलं पीठ

सुट्टीत घरी आले होते. सकाळी आई पीठ चाळत होती. कौलाच्या फटीतून येणारा कवडसा एरवी फक्त जमिनीवर दिसतो. उडालेल्या पिठामुळे तो आज वरपासून खालपर्यंत उभा दिसला. उजेडालाही दिसण्यासाठी वाटेत कुणीतरी भेटावं लागत असेल बहुधा.

मला राहवलं नाही. "आई, माझं काम हेच!"

"चाळायचं?"

"नाही गं. आम्ही आभाळात लेझरचा उजेड सोडतो. धुळीवर आपटून त्यातला थोडासा परत येतो. त्यावरून धूळ किती उंचावर आहे, हे सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिते."

"नुसतं सांगायचं? मग झाडणार कोण?"

मी हसले, पण मनातून खट्टू झाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. "कॉम्प्युटरचं काहीतरी करते," एवढंच आई लोकांना सांगते. तिला समजेल असं मला कधी सांगताच आलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. "काय शिकते गं पोर तुझी?"

"आभाळातली धूळ बघते," आई म्हणाली. "थांबा, दाखवते."

तिने चाळणी कवडशात उंच धरून हलकेच थोपटली, आणि उजेड पुन्हा उभा राहिला.