अप्पांच्या मशीनची जागा

अंबूताईंच्या हाताला मैसूरात तोड नव्हती, आणि जिभेलाही नव्हती. ब्लाउज घट्ट झाला म्हणणारीला त्या तोंडावर सांगायच्या, "ब्लाउज तोच आहे, तू वाढलीस." पण वडिलांचा विषय निघाला की हीच बाई मुकाट दोरा ओवायला लागायची.

वडील नरहरी गुंडलुपेटेपुढच्या डोंगरावर साहेबांचे कपडे शिवायला राहत. घरी यायचे ते दसऱ्याला. स्वातंत्र्य आलं, साहेब गेले, बंगल्यांना कुलपं लागली, तरी हे उतरले नाहीत. हातातलं शिवून येतो असा निरोप धाडला, आणि तिथंच थंडीतापानं गेले. आई मरेपर्यंत म्हणायची, "त्यांना डोंगर गोड लागला. आपण कोण?" अंबूताई तेव्हा पाच वर्षांच्या. आईचं खरं असेल, ही सल काही त्यांच्या मनातून जाईना.

साठी उलटल्यावर त्यांनी मुलाला, हेब्बाळच्या कारखान्यातल्या नागराजला, गाठलं. "मला एकदा तिथं ने. बघते तरी, एवढं काय होतं ते."

काय असणार? छपरं गेलेले बंगले, दिवाणखान्यात वाढलेली झाडं. एका क्लबाचा व्हरांडा तेवढा शाबूत होता. टेलर त्याच्या टोकाला बसायचा, असं वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या गुराख्यानं सांगितलं.

तिथं जमिनीच्या फळ्यांवर मशीनच्या पायांचे चार खळगे पडले होते, आणि मागे स्टुलाचे. अंबूताई आधी वैतागल्याच.

"अय्यो, इथं कोण मशीन मांडतं? भिंतीची सावली नेमकी सुईवर. डोळे फुटले असतील यांचे."

एवढा लांब, उजेडाचा व्हरांडा सोडून शिंप्यानं हा अंधारा कोपरा का धरावा? स्टुलाच्या जागी एक दगड ओढून त्या बसल्या आणि मान वर केली. दोन खांबांमधून घाटाची वळणं खाली उतरत होती, आणि त्यांच्यापलीकडे दूरवर मैसूरकडची सपाटी. त्यांनी दगड थोडा उजेडाकडे सरकवून पाहिला. वाट दिसेना. परत होता तिथं आणला.

म्हणजे टाके घालता घालता अप्पा घराकडेच बघत बसले होते.

"साकु अम्मा, पुरे झालं. ऊन उतरलं. चल आता," नागराज म्हणाला.

अंबूताई उठल्या नाहीत. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"आईला कुणी आणलंच नाही रे इथं," त्या म्हणाल्या.