भांगाला लावलेलं जाळं

गोकुळाष्टमीला ऑफिसला सुट्टी होती आणि मी रोडपालीच्या घरात सकाळपासून उगाच येरझाऱ्या घालत होते. काम नव्हतं असं नाही, ढीगभर होतं, पण एकाला हात लावला की दुसरं आठवायचं. माझा मेला स्वभावच असा. अकराच्या सुमाराला माहेरच्या शेजारच्या काकांचा फोन आला. काका आणि बाबा पनवेलच्या खाडीत चाळीस वर्षं शेजारी शेजारी जाळी लावत आलेले. एरवी काका फोनवर असे ओरडतात की फोनची गरजच पडू नये. त्या दिवशी आवाज खाली होता.

"तुजा बापूस जाला घेऊन धक्क्यावर गेलाय," ते म्हणाले. "आज. तू ये जरा."

परक्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. मी मात्र फोन ठेवता ठेवताच पर्स शोधायला लागले. आमचं जाळं खाडीत रोवलेल्या खुंटांना बांधायचं असतं, लांबलचक पिशवीच ती. पाणी जोरात धावलं तर तिचं तोंड उघडतं आणि कोळंबी, बोईट, नशीब असेल तर एखादा जिताडा आत येतो. पुनवेला नि अवसेला उधाण, तेव्हा पाणी धावतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ते नुसतं पडून राहतं. भांगाला हे जाळं लावायची चूक आमच्यातलं शेंबडं पोरही करत नाही. आणि बाबा तर असे, की गावात कुणालाही भरतीची वेळ हवी असली तर घड्याळ न बघता सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता भरती, झालं. माझ्या लग्नाची तारीखसुद्धा त्यांनी आधी उधाण बघून मग ठरवली, कारण उधाणात अख्खा गाव पाण्यावर असता आणि मांडवात कोण आलं असतं?

मागच्या मोसमात दोनदा असं झालं होतं म्हणे, काकांनी तेव्हा मला कळवलं नव्हतं. मलाही उन्हाळ्यात शंका आली होती. एकाच जेवणात बाबांनी तीनदा विचारलं, जावई कुठे आहेत? मी ते वयावर ढकललं. खरं सांगायचं तर मला कळून घ्यायचंच नव्हतं. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात. आमच्याकडे या म्हटलं की सहाव्या मजल्यावरून ओहोटी दिसते काय, असं विचारतात. ते खरंच विसरायला लागले असतील तर होडी बंद करावी लागणार, आणि होडी बंद केली की त्या माणसाचं उरतं काय? रिक्षात हेच डोक्यात घोळत होतं. प्रत्येक नाक्यावर दुसऱ्या दिवशीच्या हंडीचे स्पीकर दणदणत होते. एवढी गोकुळाष्टमी कानाशी वाजतेय आणि यांना तिथी कळू नये, म्हणून मला रागही येत होता. कुणाचा, ते मात्र सांगता येत नव्हतं.

धक्क्यावर बाबा होडी सोडतच होते. मला बघून खूश झाले. आज दुज आहे, उधाण अजून सरलं नाही, पाणी कसं जोरात निघेल बघ, म्हणाले. घरी चला, असं तिथेच ठणकावून सांगायचं मी ठरवून आले होते. तोंडातून निघालं, मीपण येते.

खुंटांपाशी पोचलो. बाबांचा हात अजून चोख, गाठ एका झटक्यात बसली. पण जाळं लोंबकळलं ते लोंबकळलंच, ओल्या लुगड्यासारखं. पाणी कोमट, वर ऊन मी म्हणत होतं, आणि होडीजवळ तरंगणारी थर्माकोलची एक ताटली अर्धा तास जागची हलली नाही. बाबा तिच्याकडे बघत बसले होते. मी चुळबुळ करत होते, पदर सारखा करत होते, फोन काढून परत ठेवत होते. शेवटी मला राहवेना. म्हटलं, पुलाच्या कामासाठी खाडीच्या तोंडाशी भराव टाकलाय ना, त्यानं पाणी अडलं असेल. हल्ली गावात सगळ्याचंच खापर भरावावर फोडतात, आणि निम्म्या वेळा ते खरंही असतं.

बाबांनी हात लांब करून ती ताटली जरा ढकलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज अष्टमी हाय ना?"

मी हो म्हटलं.

"मंग मना खोटा कशाला सांगतेस? लोक हसतात, त्याचा काय नाय. तू तरी खोटा बोलू नको."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. त्या रागातच, स्वतःवरच्या, मी जे सांगायला आले होते ते सांगून टाकलं: यापुढे एकट्यानं होडी काढायची नाही. ते खवळतील असं वाटलं होतं. ते शांतपणे जाळं सोडवत राहिले आणि म्हणाले, मग तू ये. अवसेच्या उधाणाला, पुढच्या बुधवारी, अकरापर्यंत. तोवर मी होडीला हात लावत नाही. मी येते म्हटलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली की झालं, त्यात काय एवढं.

बुधवारी सकाळी वरच्या ऑफिसातून साहेब टपकले. ही फाइल कुठंय, ती नोंद कुठंय, नुसती धावपळ. रजेचा अर्ज माझ्या पर्समध्ये लिहून तयार होता. साहेबांनी मला अडवलं, असं म्हणायला फार सोपं आहे, पण त्यांना मी विचारलंच नव्हतं. माझ्या लक्षातूनच गेलं, पार गेलं. पावणेतीनला काकांचा फोन आला तेव्हा नाव बघूनच मला सगळं आठवलं.

बापूस साडेदहापासून धक्क्यावर बसलाय, काका सांगत होते. आज तिथी बरोबर होती त्याची. आम्ही म्हटलं, चल आमच्यासोबत, तर नाही म्हणाला. पोरीला शब्द दिलाय म्हणाला, ती येणार आहे.

मी साहेबांना न सांगता निघाले. बाबा धक्क्याच्या पायरीवर होते, जाळं मांडीवर. समोर पाणी फेसाळत धावत होतं आणि सगळ्यांची जाळी केव्हाच लागली होती. साहेब आले, कामं निघाली, फोन लागेना, असं सगळं मी रिक्षात तीनदा घोकून आले होते. बाबांनी वर बघून विचारलं, ऑफिस सुटलं का?

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "नाही बाबा. मी विसरले."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"होतं गो," ते म्हणाले. "मना पन होतं."